आजीबाईच्या बटव्यातील हकीम

वाचकहो, एक छोटासा प्रयोग करून पाहा. आपल्या घरातील औषधांच्या फळीवर आणि मसाल्याच्या डब्यात डोकावा आणि त्यातील वस्तूंची नावे मोठ्याने वाचा. इसबगोल, गुलकंद, मुरंबा, शरबत, अर्क, सोनामुखी, हिंग, सुंठ, मिरी. ही नावे आपण रोज घेतो, परंतु ती कोणत्या वाटेने आपल्या घरात आली याचा विचार सहसा करीत नाही. इसबगोल हा शब्द फारसी आहे. 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. मुरंबा अरबी 'मुरब्बा'वरून आला. गुलकंदातील 'गुल' फारसी, आणि 'कंद' हा शब्द तर आपल्याच संस्कृत 'खंड' म्हणजे खडीसाखरेचा इराणात जाऊन बदललेला अवतार. म्हणजे साखर येथून गेली आणि गुलाबाची सोबत घेऊन परत आली.

सर्वांत गमतीची कहाणी 'जुलाब' या शब्दाची आहे. फारसीत 'गुलाब' म्हणजे गुल आणि आब, अर्थात गुलाबपाणी. अरबी जिभेला 'ग' नसल्याने त्याचे 'जुलाब' झाले. हकीम मंडळी कडू रेचक औषधे गुलाबाच्या गोड पाकातून देत असत. हळूहळू पाकाचे नाव औषधाला लागले, औषधाचे परिणामाला, आणि शेवटी मराठी माणसाने त्या सुगंधी शब्दाची जी अवस्था करून टाकली ती आपण जाणतोच!

हे सारे शब्दकोडे म्हणून सांगत नाही. त्यामागे एक दुःख आहे, तेही सांगितले पाहिजे. आमच्या घरी दादीकडे पत्र्याचा एक डबा होता. त्यात कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या असत. कोणाचे पोट दुखले, घसा धरला, बाळंतिणीला ताकद हवी झाली, की डबा उघडे. दादीला अक्षरओळख नव्हती. कोणती पुरचुंडी कशाची हे ती दोऱ्याच्या रंगावरून आणि गाठीवरून ओळखीत असे. ती गेल्यावर डबा उघडला तेव्हा सतरा पुरचुंड्या निघाल्या. वासावरून आणि चवीवरून आम्हांला चौदा ओळखता आल्या. उरलेल्या तीन घेऊन बाजारात गेलो, तर दोन दुकानदारांनी दोन निरनिराळी नावे सांगितली. त्या तीन पुरचुंड्या अखेर फेकून द्याव्या लागल्या. वनस्पती नाहीशी झाली नव्हती, परंतु तिचे नाव आणि मात्रा दोन्ही दादीबरोबर कबरस्तानात गेले. म्हणून या लेखात औषधांइतकेच त्यांच्या नावांविषयी आणि ती नावे कागदावर उतरविणाऱ्या माणसांविषयी लिहावेसे वाटते.

आपल्याकडे ज्या वैद्यकाला आपण युनानी म्हणतो ते नावाप्रमाणे ग्रीकांचे. बुकरात म्हणजे हिपोक्रॅटिस आणि जालिनूस म्हणजे गॅलन हे त्याचे आद्य आचार्य. परंतु ते ज्ञान बगदादला आले तेव्हा तेथे एकट्या ग्रीक पंडितांचीच वर्दळ नव्हती. खलिफा हारून अल-रशीद यांच्या काळात त्यांचे वजीर याह्या बरमकी यांनी हिंदुस्थानातील औषधी वनस्पती आणण्यासाठी माणूस पाठविला होता, आणि मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ त्यांच्यासाठी भाषांतरित केला, असे इब्न नदीम यांच्या दहाव्या शतकातील 'फिहरिस्त' या ग्रंथसूचीत नमूद आहे. इ. स. ८५० मध्ये अली बिन रब्बन तबरी यांनी 'फिरदौस-उल-हिकमत' लिहिला, त्यात हिंदी वैद्यकाला स्वतंत्र भाग दिलेला आहे. आपला त्रिफळा तेथे 'इत्रीफल' झाला. हिरडा 'हलैला' झाला, बेहडा 'बलैला' झाला, आवळा 'आमला'च राहिला. आजही युनानी दवाखान्यात 'इत्रीफल उस्तुखुद्दूस' ही बरणी दिसते. हे नाव ऐकून कोणाला परके वाटेल, पण आत हिरडा, बेहडा आणि आवळाच आहे.

पवित्र कुरआनच्या 'अद-दहर' या सूरेत जन्नतमधील पेयाचे वर्णन करताना 'जंजबील' हा शब्द आला आहे. जंजबील म्हणजे सुंठ. भाषापंडित या शब्दाचे मूळ संस्कृत 'शृंगवेर' आणि दक्षिणेतील 'इंजी' यांच्याशी जोडतात. मिरीला अरबीत 'फिलफिल' म्हणतात, तो 'पिप्पली'चाच पाहुणा. मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेल्या गलबतांनी माल नेला, आणि मालाबरोबर नावही गेले.

परंतु नावे प्रवास करू लागली की घोटाळेही प्रवास करतात. एका वनस्पतीला दहा नावे आणि एका नावाच्या दहा वनस्पती! हा धोका ज्यांनी नेमका ओळखला ते अल-बिरूनी. अकराव्या शतकात, आयुष्याच्या अगदी शेवटी, त्यांनी 'किताब-उस-सैदना' हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यात एकेका औषधाची अरबी, ग्रीक, सुरयानी, फारसी आणि हिंदी नावे एकत्र दिली आहेत. ऐंशीच्या घरातील हा विद्वान नावांच्या मागे का लागला असेल, हे आमच्या दादीचा डबा उघडल्यावर मला समजले.

आता आपल्या दख्खनकडे वळू. येथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण अहमदनगर (ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) हे शहर औषधींच्या इतिहासात येते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. सोळाव्या शतकात तेथे बुऱ्हाण निजामशहा (पहिले) राज्य करीत होते. त्यांच्या दरबारात अरब आणि इराणी हकीम होते, तसेच हिंदू वैद्यही होते. याच दरबारासाठी रुस्तम जुर्जानी या हकिमाने 'जखीरा-ए-निजामशाही' हा फारसी वैद्यकग्रंथ रचला. आणि याच दरबारात गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य वरचेवर येत असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ता १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि मरेपर्यंत परत गेला नाही. पुढे मुंबईचे बेटही पोर्तुगीजांनी त्याला भाडेपट्ट्याने दिले होते. तो वंशाने ज्यू होता. त्याच्या आईबापांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले होते. निजामशहाशी त्याचा स्नेह जडला. सुलतान त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवीत आणि तो त्यांना तीच नावे लॅटिनमध्ये शिकवी, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. कल्पना करा, वाचकहो! दख्खनचा मुसलमान सुलतान, ज्यू वंशाचा पोर्तुगीज वैद्य, शेजारी हकीम आणि वैद्य बसलेले, आणि मधोमध हिंगाचा खडा किंवा हिरड्याचे फळ ठेवलेले.

या साऱ्या चौकशीचे फळ म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेला त्याचा औषधींवरील संवादग्रंथ. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. ग्रंथ संवादरूपाने लिहिला आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा ग्रीक ग्रंथांचे दाखले देऊन प्रश्न विचारतो, आणि ओर्ता स्वतः पाहिलेल्या गोष्टी सांगून त्याला उत्तर देतो. अंतोनिया नावाची घरातील दासी मागितलेली वनस्पती आणून देते. गोव्यातील मालूपा नावाच्या हिंदू वैद्याचाही उल्लेख येतो. जुन्या ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा समोर काय दिसते हे ओर्ताला अधिक मोलाचे वाटे. त्या काळी युरोपात असे म्हणणे हे धाडसच होते.

हिंगाविषयी त्याने दिलेली एक कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. विजयनगरात एका पोर्तुगिजाचा उमदा घोडा वायूच्या विकाराने बेजार होता, म्हणून राजा तो विकत घेईना. घोड्याला पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने तो घेतला. कशाने बरा झाला असे विचारता हिंगाचे नाव निघाले. राजा म्हणाला, यात नवल ते काय, हे तर देवांचे खाद्य! त्यावर तो पोर्तुगीज हळूच पुटपुटला, की देवांचे नव्हे, सैतानाचे. हिंगाच्या वासाविषयी युरोपियनांचे मत तेव्हापासून फारसे बदललेले दिसत नाही. आपल्याकडे मात्र वरणाच्या फोडणीपासून तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती लावण्यापर्यंत त्याचा वापर आहे. मौज अशी की हा हिंग आपल्या देशात पिकत नव्हता. इराण आणि अफगाणिस्तानातील झाडाच्या मुळाचा तो चीक. २०२० साली प्रथमच हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची रोपे शास्त्रज्ञांनी लावली.

ओर्ताच्या ग्रंथात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, युरोपियनाने केलेले पहिले तपशीलवार वर्णन आहे. येथील लोक या रोगाला काय म्हणतात हे सांगताना तो 'मोर्शी' असे लिहितो. ही आपली मराठी आणि कोकणी 'मोडशी'. अरब लोक 'हैजा' म्हणतात हेही तो नोंदवितो. पुढे पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचे 'मोर्देशी' झाले, आणि फ्रेंचांनी तर आपल्या भाषेत त्याचा अर्थ 'कुत्र्याचे मरण' असा लावून टाकला. आमच्या घरोघरच्या आयाबायांचा एक साधा शब्द किती दूर गेला पाहा.

१५६८ साली ओर्ता वारला. लगेच पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे कबरीतून उकरून जाळण्यात आली. गुन्हा एवढाच, की त्याने अंतःकरणात ज्यू धर्म जपला होता असा संशय. ग्रंथ मात्र वाचला. १५६७ सालीच क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप छापला होता आणि तो युरोपभर गेला होता.

निजामशाहीच्या छायेत वाढलेला आणखी एक माणूस म्हणजे इतिहासकार फिरिश्ता. त्यांचा इतिहासग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. परंतु हे मुहम्मद कासिम फिरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आले, १५८९ च्या सुमारास विजापूरला गेले, आणि त्यांनी हिंदी वैद्यकावर 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा फारसी ग्रंथही लिहिला, हे विसरले जाते. त्यांच्याही आधी, १५१२ साली, सिकंदर लोदीच्या दरबारातील मियाँ भुवा यांनी संस्कृत ग्रंथांच्या आधारे 'मादन-उश-शिफा' सिद्ध केला. युनानी औषधे येथील लोकांच्या प्रकृतीला पुरतेपणी मानवत नाहीत आणि त्यांची नावेही येथे कोणाला कळत नाहीत, म्हणून येथील विद्या शिकली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. युनानी वैद्यक परके आणि आयुर्वेद आपला, किंवा याच्या उलट, असे जे वाद आज घातले जातात ते या मंडळींना ऐकवले असते तर त्यांनी काय म्हटले असते कोण जाणे.

युनानी पद्धतीचा खरा भर औषधापेक्षा दिनचर्येवर आहे. हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरातील मळ वेळेवर बाहेर पडणे व आवश्यक ते टिकून राहणे, या सहा गोष्टींना हकीम 'असबाब-ए-सित्ता जरूरिया' म्हणतात. त्या बिघडल्या की आधी त्या सुधारावयाच्या, मग आहार बदलावयाचा, आणि त्यानंतर औषधाचा विचार करावयाचा. म्हणूनच हकिमाचे निम्मे औषध स्वयंपाकघरातच असते. सर्दी-खोकल्याचा जोशांदा घ्या. फारसीत 'जोशीदन' म्हणजे उकळणे, तेव्हा जोशांदा म्हणजे सरळ काढाच. त्यात बनफशा, उन्नाब, सपिस्तान, जेष्ठमध वगैरे असते. नावे ऐकून दडपून जाऊ नये. उन्नाब हे बोराच्या कुळातील फळ, आणि सपिस्तान म्हणजे आपले भोकर, ज्याचे आपण लोणचे घालतो. जेष्ठमधाने घशाला आराम पडतो हे खरे, परंतु तो दीर्घकाळ आणि भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो, हेही तितकेच खरे. बाळंतिणीला दिले जाणारे अळिवाचे लाडू हिंदू घरांत होतात तसे आपल्याही घरांत होतात. अळिवालाच अरबीत 'हब्ब-उर-रशाद' म्हणतात. इसबगोलाची भुशी पाणी शोषून फुगते आणि मळ मऊ करते. म्हणूनच ती भरपूर पाण्याबरोबर घेतली पाहिजे. कोरडीच गिळली तर घशात किंवा आतड्यात अडकण्याची भीती असते. दादी तर आम्हांला पेला रिकामा झाल्याशिवाय उठू देत नसे.

कलौंजीविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. काळ्या दाण्यात मृत्यूखेरीज प्रत्येक रोगावर गुण आहे, या अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे आणि आपल्या समाजात कलौंजीचा आदर आहे तो योग्यच. परंतु बाजारात काय चालते? शहाजिरे वेगळे, कडू जिरे वेगळे, कांद्याचे बी वेगळे आणि कलौंजी वेगळी. तरीही ही चारही काळ्या दाण्यांच्या नावाने एकमेकांच्या जागी विकली जातात. दुसरे असे, की हदीसचा आधार घेऊन मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या रोग्यांना डॉक्टरांचे औषध सोडावयास सांगणारे महाभाग निघाले आहेत. त्यांनी हेही सांगावे, की हजरत साद बिन अबी वक्कास (र.) आजारी पडले तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना अल-हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले होते. आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात अशीही हदीस आहे, की वैद्यक ज्याला येत नाही अशाने उपचार केले आणि अपाय झाला, तर तो त्याला जबाबदार धरला जाईल.

हे लिहिण्यास कारण आहे. आमच्या नात्यातील एक गृहस्थ उरुसात बसणाऱ्या एका विक्रेत्याकडून 'ताकदीचा कुश्ता' आणून महिनोन्महिने खात होते. कुश्ता म्हणजे धातूचे भस्म. जाणकार हकिमाच्या हातीच शोभणारी ती वस्तू आहे. त्यांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, यात काय होते? उत्तर कोणालाच देता आले नाही. पुडीवर नावसुद्धा नव्हते. वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी असणार, हीही एक भाबडी समजूत आहे. २०२० च्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, आणि वनस्पतीची ओळख नीट पटविली होती का असा प्रश्न उपस्थित केला. पाहा, पुन्हा गाडी नावावर आणि ओळखीवरच येऊन अडली!

आमच्या दादीला मात्र आपल्या डब्याची हद्द ठाऊक होती. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर ती डबा बंद करी आणि मुलाला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेई.

जुन्या विद्येला प्रयोगशाळेत नेण्याची हिंमत दाखविली ती हकीम अजमल खान (१८६८-१९२७) यांनी. १९०९ मध्ये त्यांनी दिल्लीत स्त्रियांसाठी तिब्बी मदरसा सुरू केला. १९१० पासून त्यांनी वैद्य आणि हकीम यांना एकाच परिषदेत एकत्र आणले, आणि त्यांच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. पुढे तेथे सलीमुज्जमाँ सिद्दिकी हे जर्मनीत शिकून आलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ संशोधन करू लागले. त्यांनी सर्पगंधा हातात घेतली. हकीम तिला 'असरोल' म्हणत, आणि वेड, निद्रानाश व सर्पदंश यांवर तिची मुळी फार पूर्वीपासून वापरात होती. १९३१ मध्ये सिद्दिकींनी तिच्यातून शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्यातील एकाचे नाव, चार वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आपल्या आश्रयदात्याच्या स्मरणार्थ, त्यांनी 'अजमलीन' ठेवले. हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट दोष ओळखण्यासाठी आजही डॉक्टर ते वापरतात.

यापुढचा दुवा मुंबईत आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, दरेकाचा रक्तदाब मोजून, वर्षानुवर्षे टिपणे ठेवली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून 'रेसर्पिन' वेगळे करण्यात आले. काही रुग्णांना त्याने विषण्णता येते हेही पुढे मोजमापानेच कळले, आणि मागे पडत पडत ते औषध आज क्वचितच दिले जाते. मुळी तीच, परंतु कोणाला द्यावी, किती द्यावी आणि केव्हा थांबवावी, हे कागदावर आले.

आज मुंबई, पुणे, मालेगाव अशा ठिकाणी युनानी महाविद्यालये आहेत, आणि ११ फेब्रुवारी हा अजमल खान यांचा जन्मदिवस युनानी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या संस्थेच्या शाळांतील मुलामुलींना त्या निमित्ताने एक काम द्यावे, अशी माझी सूचना आहे. प्रत्येकाने घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीकडे बसावे आणि तिच्या डब्यातील वस्तू वहीत उतरवाव्यात. घरात म्हणतात ते नाव, बाजारात सांगतात ते नाव, वस्तू कशी दिसते, किती घेतात, कोणाला देत नाहीत. शेवटचा रकाना विसरू नये. मग ती वही विज्ञानाच्या शिक्षकांनी तपासावी, आणि शक्य झाल्यास जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून खरी नावे लिहून घ्यावीत.

माझी स्वतःची वही मी सुरू केली आहे. तिच्यात चौदा नोंदी झाल्या आहेत. पंधरा, सोळा आणि सतरा हे आकडे लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. एक पुरचुंडी तांबड्या दोऱ्याची होती, एक पांढऱ्या, आणि एकीला दोन गाठी होत्या. कोणा वाचकाच्या घरी अशा खुणा असतील तर अवश्य कळवावे.